आज्ञावलीची माहितीपुस्तिका आणि तिचे सामाईक नियम

यंत्रभागाचा आराखडा कारखान्यात येतो, तेव्हा त्याच्या कोपऱ्यातील चौकटीत प्रमाण, मापाचे एकक आणि प्रक्षेपणाची पद्धत दर्शविणारे चिन्ह काढलेले असते. हे चिन्ह नसेल तर डावीकडचे दृश्य उजवीकडचे समजले जाऊन भाग उलटा घडण्याचा संभव असतो. आरेखनाचे नियम देशभर एक असावेत म्हणून १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने दिल्लीहून मानके प्रसिद्ध केली. परंतु कोणता नियम पाळला आहे, हे सांगणारी खूण मात्र आराखड्याबरोबरच जावी लागते.

संगणकाच्या आज्ञावलीविषयीही हाच प्रश्न उद्भवतो. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे मुख्यालय नवी दिल्लीत आहे आणि कार्यालये राज्याराज्यांत व जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली आहेत. अशा ठिकाणी एकाच आज्ञावलीवर परस्परांस कधीही न भेटलेली माणसे काम करतात. कोणता भाग काय करतो, त्यास काय पुरवावे आणि तो काय परत देतो, हे त्यांना माहितीपुस्तिकेवरूनच कळावयाचे.

पुस्तिका हाताने लिहिली तर ती लवकरच शिळी होते. म्हणून आज्ञावलीतील प्रत्येक भागाच्या डोक्यावर लहानसे टिपण लिहितात आणि ती टिपणे वेचून पुस्तिका तयार करण्याचे काम दुसऱ्या आज्ञावलीवर सोपवितात. दिमित्री व्हान हेश यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ‘डॉक्सिजेन’ ही अशा प्रकारची आज्ञावली होय. कोणते भाग वाचावे, पुस्तिका कोठे ठेवावी, काय दाखवावे आणि काय झाकावे, हे सारे नियम, म्हणजेच सेटिंग्ज, ती ‘डॉक्सिफाइल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीतून वाचते.

ही फाइल एकाच्याच यंत्रावर राहिली तर काय घडते? काही भाग केवळ आतल्या वापरासाठी असतात. मूळ नियमाप्रमाणे डॉक्सिजेन ते पुस्तिकेत दाखवीत नाही. एकाने आपल्या यंत्रावर हा नियम बदलला, तर त्याच्या पुस्तिकेत ते उघड होतात. ती वाचून दूरच्या कार्यालयातील कोणी त्या भागांवर आपले काम उभारतो. पुढे ते भाग कोणासही न विचारता बदलले जातात, कारण ते खाजगीच असतात, आणि त्या बिचाऱ्याचे काम एका सकाळी बंद पडते. टिपणे दोन्हीकडे एकच होती. नियम तेवढे वेगळे होते.

यावर उपाय असा की, नियमांची फाइल आज्ञावलीच्याच सामाईक भांडारात ठेवावी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या ‘गिट’ या व्यवस्थेत प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. नियम बदलला तर तोही नोंदीत येतो व सर्वांस सारखाच मिळतो. मात्र फाइलीतील मार्ग भांडाराच्या मुळापासून मोजलेले असावेत. एखाद्याच्या घरच्या कप्प्याचा पत्ता तीत लिहिला गेला, तर ती फाइल इतरांस निरुपयोगी होते.

वैयक्तिक आवडीस तरीही जागा उरते. डॉक्सिजेनमध्ये एका लहान फाइलीतून सामाईक फाइल समाविष्ट करता येते आणि तिच्याखाली आपले फरक लिहिता येतात. नंतरची ओळ आधीचीवर मात करते. ही लहान फाइल मात्र भांडाराबाहेर ठेवावयाची.

भांडार खुले झाले म्हणजे ही विभागणी अधिकच निकडीची होते. ‘आरोग्य सेतू’ हे उपयोजन २ एप्रिल २०२० रोजी आले आणि २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली सर्वांस खुली करण्यात आली. अशा वेळी वाचक कोणीही असू शकतो. त्यास सामाईक नियम मिळाले पाहिजेत. सांकेतिक शब्द व गुप्त किल्ल्या मिळता कामा नयेत. गिटमध्ये जुनी नोंद टिकून राहत असल्यामुळे, चुकून आत गेलेली किल्ली नंतर नुसती पुसून भागत नाही; ती रद्द करून नवीच घ्यावी लागते.