दरोड्यात सापडलेला नागरिक : कर्तव्ये आणि हक्क

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे रूप पालटले. पुढे उद्योगांची ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी या गावांच्या शिवारांत आज कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. परप्रांतांतून व राज्याच्या अन्य जिल्ह्यांतून आलेला कामगार येथे रात्रपाळी करून अंधाऱ्या रस्त्याने परततो. मालमोटारचालक रस्त्याकडेला गाडी उभी करून झोपतो. शेतकऱ्याचे घर गावापासून दूर मळ्यात एकटे असते. लूटमार करणारा नेमक्या याच जागा हेरतो.

या परिसरासाठी १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि पूर्वी ग्रामीण पोलिसांकडे असलेला चाकणचा भागही त्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चाकण परिसरात दरोड्यातील संशयितांना पकडण्यास गेलेल्या पथकावर हल्ला होऊन पोलीस अधिकारी जखमी झाले. प्रशिक्षित पोलिसांनाही असा धोका पत्करावा लागतो, तेथे निःशस्त्र नागरिकाने काय करावे आणि काय करू नये, याची माहिती गावोगावी असणे आवश्यक आहे.

जबरी चोरी आणि दरोडा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली आहे. तिच्या कलम ३०९ अन्वये चोरी करताना मृत्यूची, दुखापतीची वा अडवून ठेवण्याची तात्काळ भीती घातल्यास ती जबरी चोरी ठरते. पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून ती केल्यास कलम ३१० अन्वये तो दरोडा होय. जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. तीच सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर घडल्यास ही मर्यादा चौदा वर्षांची होते. दरोड्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्राणघातक शस्त्र वापरल्यास कलम ३११ प्रमाणे किमान सात वर्षांची शिक्षा ठरलेली आहे.

प्रसंग घडत असताना

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु हक्क असणे वेगळे आणि कोयता उगारलेला असताना तो बजावणे शहाणपणाचे असणे वेगळे. पैसा व दागिना पुन्हा मिळू शकतो, प्राण मिळत नाही. म्हणून मागितलेली वस्तू द्यावी, हात समोर दिसतील असे ठेवावेत, एकाएकी हालचाल करू नये, खिशात हात घालण्यापूर्वी तसे सांगावे आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करू नये.

अशा वेळी माणसाची दृष्टी शस्त्रावर खिळून राहते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका चित्रमालिकेत ग्राहक रोखपालासमोर धनादेश धरतो, तर दुसरीत पिस्तूल. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर त्यावर अधिक वेळ रेंगाळली आणि त्या माणसाचा चेहरा त्यांना नंतर कमी ओळखता आला. दरोड्यातून वाचलेल्या व्यक्तीला चेहरा आठवत नसेल, तर ती खोटे बोलते असे समजू नये. तिला उंची, बोलीभाषा, चाल, पादत्राणे, वाहनाचा प्रकार, पळून जाण्याची दिशा यांविषयी शांतपणे विचारावे. उत्तर मात्र सुचवू नये.

पहिला तास

धोका टळताच ११२ क्रमांकावर कळवावे आणि जखमींना उपचार मिळवून द्यावेत. दार, कपाट, टाकून दिलेली वस्तू यांना हात लावू नये. बोटांचे ठसे त्यांवरच मिळतात. एकाहून अधिक व्यक्तींनी प्रसंग पाहिला असल्यास प्रत्येकाने आपसात चर्चा करण्यापूर्वी आपल्याला आठवते ते स्वतंत्रपणे लिहून ठेवावे. एकमेकांचे ऐकल्यावर आठवणी मिसळून जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. चाकणचा कामगार भोसरीच्या ठाण्यात गेला, तरी हद्दीचे कारण सांगून त्याला परत पाठविता येत नाही. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

ओळख परेड आणि अफवा

संशयित सापडल्यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर ओळख परेड होते. सारख्या ठेवणीच्या अन्य व्यक्तींमध्ये संशयिताला उभे करून साक्षीदाराकडून ओळख पटविली जाते. त्यापूर्वीच संशयिताचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून गावभर फिरले, तर त्या ओळखीला न्यायालयात फारसे मोल उरत नाही. उत्साहाने पसरविलेले छायाचित्र शेवटी आरोपीच्याच उपयोगी पडते.

याहून घातक असते ती अफवा. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून जमावाने पाच निरपराधांचे प्राण घेतले. नवख्या चेहऱ्यांची वस्ती असलेल्या औद्योगिक गावांनी हे विसरू नये. परगावचा कामगार हा बहुधा लुटला जाणारा असतो. पकडलेल्या संशयितास मारहाण न करता पोलिसांच्या स्वाधीन करावे.

पंचायतीची जबाबदारी

जबरी चोरी व दरोडा यांची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना कळविली पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ सांगते. कलम ३४ त्याहून पुढे जाते. दरोडेखोर असल्याचा रास्त संशय असलेली व्यक्ती गावात आश्रयास आल्यास वा गावातून गेल्यास तत्काळ कळविणे हे त्या कलमान्वये ग्रामपंचायत सदस्याचेही कर्तव्य आहे. हे काम एकट्या पोलीस पाटलाचे आहे, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो दूर व्हावयास हवा.

साक्षीदार टिकला पाहिजे

आरोपी पकडला जाणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. खटला उभा राहतो तो साक्षीवर. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार वर्षभरात खोली बदलतो, नोकरी बदलतो किंवा गावी परततो. न्यायालयाचे समन्स जुन्या पत्त्यावरून परत येते. ज्याच्या गळ्याला कोयता लागला होता, तोच न्यायालयात नसतो.

कायद्याने येथे पुष्कळ सोय केली आहे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग व गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या ठिकाणी घ्यावा लागतो. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. दूर गेलेल्या साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेता येते आणि वाजवी खर्च देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. धमकी येत असल्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. न्यायालयात हजर केलेल्या मुद्देमालाची चौदा दिवसांत नोंद होऊन पुढील तीस दिवसांत त्याविषयी आदेश व्हावा, अशीही तरतूद आहे.

या सोयी साक्षीदारापर्यंत पोहोचविणे हे स्थानिक मंडळींचे काम आहे. ग्रामसेवकाने व सदस्याने साक्षीदाराचा मूळ गावचा पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक तपास अधिकाऱ्याकडे नोंदला गेल्याची खात्री करावी. शिक्षकाने मराठी न जाणणाऱ्या पालकाला खबरीची प्रत वाचून दाखवावी. साक्षीच्या दिवशी कामगाराची मजुरी बुडणार नाही, याविषयी सरपंचाने कारखान्याच्या व्यवस्थापनाशी बोलावे. ज्या गावाच्या शिवारात माणूस लुटला गेला, त्या गावाने त्याला साक्षीच्या दिवसापर्यंत एकटे सोडले नाही, तर पुढचा दरोडा घालणाऱ्यालाही ते गाव सोपे वाटणार नाही.