अंतर कमी म्हणजे वेळ कमी?

अकोल्याच्या जुन्या शहरात विमानाने मुंबईला जाण्याचा विषय निघाला की हिशेब एका वाक्यात आटोपतो: नागपूरपेक्षा अमरावतीहून मुंबई जवळ, म्हणून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरचे विमान लवकर पोहोचवणार. बेलोऱ्याहून वेळ वाचतो हे खरे, पण कारण हे नव्हे. बेलोरा ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे 540 किलोमीटर, नागपूर ते मुंबई सुमारे 680. तरीही 16 एप्रिल 2025 रोजी अलायन्स एअरची सेवा सुरू झाली, तेव्हा वेळापत्रकात मुंबई-अमरावतीला पावणेदोन तास धरले होते. नागपूरची विमाने साधारण दीड तासात पोहोचतात. बेलोऱ्याला येते ते पंख्याचे एटीआर, त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. नागपूरची जेट विमाने आठशेच्या घरात उडतात.

यावर कोणी विचारील, पाचशेच्या वेगाने 540 किलोमीटरला तासापेक्षा थोडेच जास्त लागेल, मग उरलेली चाळीसेक मिनिटे कुठे गेली? वेळापत्रक फक्त उड्डाण मोजत नाही. विमान जागेवरून हलते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबते तिथपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, मार्गही नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ नसतो. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणी वाहतूक चालत नाही आणि विमानांना रांगेत थांबावे लागते. लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही वाटा मोठा. मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा परतीला कमी वेळ लागतो, तो पृथ्वी फिरते म्हणून नव्हे. पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच. वेळ वाचतो तो उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे.

मग बेलोऱ्याचा फायदा कशात आहे? जमिनीवरच्या वाटेत. अकोल्याहून नागपूर अडीचशे किलोमीटर, बेलोरा शंभरच्या आसपास. खरी बचत या दीडशे किलोमीटरची आहे. तरी घरापासून मोजले तर बेलोऱ्यापर्यंत दोन तास, विमानतळावर किमान एक, विमानात पावणेदोन आणि मुंबईत सामान घेऊन मुक्कामी पोहोचायला आणखी तासभर, असे सहा तास सहज होतात. मोर्णा नदी ओलांडून स्टेशन गाठले तर रात्रीची गाडी नऊ-दहा तासांत, झोपेतच मुंबईला पोहोचवते. म्हणून विमानाने नेहमीच निम्म्याहून अधिक वेळ वाचतो, हे धरून चालू नये.

याचा अर्थ अकोल्याला विमान नको, असा मुळीच नाही. शिवणीची धावपट्टी वाढवण्याची मागणी याच हिशेबावर उभी राहायला हवी: शहरालगतच्या त्या विमानतळावरून मुंबईला नियमित विमान सुटले, तर जुन्या शहरातल्या प्रवाशाचे एका खेपेचे जवळजवळ दोन तास वाचतील.