वाफेने अधिक का पोळते?

उकळते पाणी आणि त्याची वाफ, दोन्हींचे तापमान १०० अंश सेल्सिअस. मग वाफेने अधिक का पोळते? १ ग्रॅम पाणी १०० वरून ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी उष्णता देते. वाफेचे आधी पाणी होते. तेव्हाच सुमारे ५४० कॅलरी त्वचेला मिळतात, मग वरच्या ६३. म्हणून शाळेत खिचडीच्या पातेल्यावरील झाकणाची पलीकडची कड आधी उचलावी. मुलांची रांग चुलीपासून लांब असावी.

पोळलेच तर? त्वचेत शिरलेली उष्णता काढून घ्यायची आहे. पोळलेला भाग लगेच नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा पोळला किंवा जखम मुलाच्या तळहाताहून मोठी असली, तर डॉक्टरांकडे न्यावे.