गिअर कधी खरखरतो?

सेकंडहँड गाडी घेताना आपण रंग पाहतो, टायर पाहतो, किलोमीटर विचारतो. गिअर टाकताना होणाऱ्या खरखरीकडे मात्र ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून दुर्लक्ष करतो. जुनी गाडी पाहायला जाताना कॉलेजातले सहकारी मला सोबत नेतात. त्यांना मी एकच सांगतो : आवाज किती येतो यापेक्षा कधी येतो ते पाहा.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन सुरू करा, गाडी उभीच ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनावर अलगद पडलेला गिअर आता खरखरला, तर क्लच नीट सुटत नाही असे समजावे. केबल सैल असेल, तर काम थोडक्यात आटोपते. म्हणूनच आमच्याकडचे मेस्त्री आधी ‘क्लच नोड्री सर’ म्हणतात.

चालत्या गाडीत एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, आवाज येत असेल तर दुखणे आतले. फिरत्या भागांचा वेग जुळवणारी सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. नुसते ऑईल बदलून झिजलेली रिंग भरून येत नाही.

चोर्ला घाटात बायकामुलांसह जाताना दुसरा गिअर सारखा लागतो. तेव्हा ही परीक्षा विसार देण्याआधीच घ्यावी, आणि दोष सापडलाच तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.