रोधगाठ : स्वरूप, बांधण्याची रीत आणि उपयोजन

प्रस्तावना

गाठ म्हटली की दोन टोके एकत्र बांधणे हाच अर्थ प्रथम मनात येतो. मराठीतील 'निरगाठ' व 'सुरगाठ' हा रूढ भेदही गाठ सुटणे कठीण की सोपे, यावर आधारलेला आहे. परंतु काही गाठी कशालाच कशाशी जोडत नाहीत. दोराच्या टोकाला जाडी आणून ते टोक छिद्रातून निसटू न देणे एवढेच त्यांचे कार्य असते. इंग्रजीत 'स्टॉपर नॉट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारास प्रस्तुत लेखात 'रोधगाठ' असे संबोधिले आहे.

नित्य व्यवहारातील रोधगाठ

गोधडी शिवताना दोऱ्याच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय पहिला टाका टिकत नाही. पायजम्याच्या नाडीच्या टोकांना गाठी असल्या की नाडी नेफ्यात शिरत नाही. भोवरा फेकताना जाळीच्या टोकाची गाठ दोन बोटांत अडकून राहते. सराफा बाजारातील पटवेकरी मोत्यांच्या माळेत दोन मण्यांमध्ये गाठ देतात. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटली तरी सर्व मोती ओघळत नाहीत. या सर्व उदाहरणांतील तत्त्व एकच आहे. रोधगाठीचे सामर्थ्य एकट्या गाठीत नसून गाठीची जाडी व छिद्राचा आकार यांच्या परस्परसंबंधात असते.

बांधण्याची रीत

१. साधी गाठ : दोराचा वेढा करून मोकळे टोक त्यातून एकदा बाहेर काढले की ही गाठ तयार होते. तीत दोन परस्परविरोधी दोष आहेत. ती आकाराने लहान असल्याने रुंद छिद्रातून निसटते, आणि जोराचा ताण आल्यावर इतकी आवळते की सोडविणे अवघड जाते. शिवणकामात गाठ सोडवावयाची नसल्याने तेथे ती योग्य ठरते. टोक वेढ्यातून दोनदा काढल्यास दुहेरी साधी गाठ होते. ती अधिक जाड व भरवशाची असते.

२. आठच्या आकाराची गाठ : मोकळे टोक मुख्य दोरावरून नेऊन वेढा करावा. तेच टोक मुख्य दोराच्या खालून फिरवून पुन्हा वर आणावे आणि वेढ्यात वरून खाली घालावे. ओढण्यापूर्वी इंग्रजी आठचा आकडा दिसला पाहिजे. ही गाठ साध्या गाठीहून मोठी असून सोडविण्यास सोपी असते. म्हणूनच शिडाच्या नौकांवर ती रूढ आहे.

३. अ‍ॅशले यांची रोधगाठ : क्लिफर्ड अ‍ॅशले यांच्या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाठींच्या कोशात तिचा क्रमांक ५२६ आहे. मुख्य दोर ओढताच मिटेल असा सरकता फास करावा, मोकळे टोक त्या फासातून घालावे आणि मुख्य दोर ओढावा. तीन पाकळ्यांसारखी दिसणारी ही गाठ आठच्या गाठीपेक्षा मोठे छिद्र अडविते.

कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी तिचे पदर नीट बसवावेत आणि तिच्यापुढे पुरेसे टोक शिल्लक ठेवावे. टोक अपुरे राहिल्यास ताण येताच गाठ उकलू शकते.

जेथे चूक प्राणावर बेतते

राष्ट्रीय सेवा योजना (स्थापना १९६९), छात्रसेना व गिर्यारोहण मंडळे यांच्या निमित्ताने महाविद्यालयीन विद्यार्थी सह्याद्रीतील कड्यांवर जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी दोराच्या साहाय्याने उतरताना दोर तळापर्यंत पोहोचला आहे की नाही, हे वरून दिसेलच असे नाही. दोर अपुरा असेल आणि त्याच्या टोकाला गाठ नसेल, तर उतरणारी व्यक्ती दोर संपताच खाली कोसळते. जगभरातील गिर्यारोहणात अशा दुर्घटना अनुभवी आरोहकांच्या बाबतीतही घडल्या आहेत. टोकाला रोधगाठ असल्यास ती उतरण्याच्या उपकरणाशी अडकते आणि व्यक्ती तेथेच थांबते.

दोर दुपदरी असल्यास प्रत्येक टोकाला स्वतंत्र दुहेरी साधी गाठ मारून पुढे सुमारे ३० सेंटिमीटर टोक ठेवावे. सर्वजण उतरल्यावर दोर ओढून घेण्यापूर्वी या गाठी आठवणीने सोडाव्यात, अन्यथा दोर वरच्या कडीत अडकून बसतो. ही माहिती तज्ज्ञ प्रशिक्षकाला पर्याय नाही. मात्र दोराच्या टोकाला गाठ आहे काय, हा प्रश्न सोबतच्या प्राध्यापकाने विचारलाच पाहिजे.

समारोप

रोधगाठ वाचून समजते, परंतु येते ती हातानेच. शिबिरापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून हातभर दोरीवर आठची गाठ आणि दुहेरी साधी गाठ प्रथम पाहून, नंतर न पाहता बांधून घ्यावी. या सरावासाठी एक तासिका पुरेशी आहे आणि खर्च केवळ दोरीचा आहे. दोर संपतो तेथे गाठ असावी, एवढा संस्कार झाला तरी त्या तासिकेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.