छऱ्याची जुनी बंदूक : मोड कीं ठेव?

शेतकीच्या मासिकांत बंदुकांच्या संग्रहाची चर्चा कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु छऱ्याच्या बंदुकीचा शेतीशीं संबंध जुना आहे. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत प्लिमथ येथें १८८२ सालीं लोखंडी पवनचक्क्या करणारी एक कंपनी निघाली. चक्की घेणाऱ्या शेतकऱ्यास हवेच्या दाबावर छर्रा मारणारी एक लहान बंदूक भेट देण्याची युक्ति तिनें १८८८ च्या सुमारास काढली. लवकरच चक्कीपेक्षां बंदुकीलाच मागणी अधिक येऊं लागली, आणि १८९५ सालीं कंपनीनें आपलें नांवहि त्या बंदुकीवरून ‘डेझी’ असेंच ठेविलें.

आपल्या नाशिक जिल्ह्यांत या विषयास देवळाली कॅम्पामुळें विशेष महत्त्व येतें. ही लष्करी छावणी १८६१ सालीं वसली, बर्मिंगहॅमची बी. एस. ए. कंपनीहि त्याच सालची. विलायतेहून येणारे व परत जाणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत देवळालीस थांबत. १९४७ नंतर ते गेले. तोफखान्याची शाळा मात्र तेथें आजहि आहे. अशा गांवाच्या जुन्या बंगल्यांत आणि भोवतालच्या मळ्यांतील घरांत एखादी बी. एस. ए., वेब्ली किंवा जर्मन ‘डायना’ सांपडण्याचा संभव इतर ठिकाणांहून अधिक, असें आम्हांस वाटतें. भीति एवढीच कीं, ती ओळखली जाण्यापूर्वींच मोडींत जावयाची.

संग्राहक प्रथम कारखान्याचें नांव, क्रमांक व पेटंटाच्या खुणा पाहतो. बी. एस. ए. ची छऱ्याची बंदूक लिंकन जेफ्रीज यांच्या पेटंटावरून १९०५ पासून निघूं लागली. वेब्लीच्या १९३२ च्या दुसऱ्या नमुन्याची नळी काढून निराळ्या मापाची बसवितां येते. सर्व नळ्यांसह असा संच मिळणें दुर्मिळच. त्यानंतर पाहावयाचे ते मालकाच्या सोयीप्रमाणें केलेले फेरफार : मुलाच्या हाताला बेतलेला आखूड दस्ता, त्यावरील नक्षी, बदललेली माशी. कारखान्यानें गिऱ्हाइकाच्या मागणीवरून केलेलें काम मोल वाढवितें. मागाहून केलेलें बहुधा घटवितें. तथापि गांवच्या सुतारानें शिसवी लांकडाचा घडविलेला दस्ता हाहि त्या बंदुकीचा इतिहासच होय. तो बदलावयाचा झाल्यास फेकूं नये. चिठ्ठी बांधून जपावा.

घासकागदानें बंदूक चकचकीत करण्याचा मोह टाळावा. त्यायोगें अक्षरें पुसतात व मूळची निळसर काळी झिलई नाहींशी होते. गंज तेलाच्या मऊ फडक्यानें हलके हलके काढावा. आंतील दट्ट्याचें चामडी वायसर सुकलें म्हणजे हवा गळते. त्यास चामड्यासाठीं असलेलें तेल थोडें द्यावें. पातळ खनिज तेल दट्ट्यापुढें सोडूं नये, कारण दाबाच्या उष्णतेनें तें पेट घेतें. छर्रा न घालतां चाप ओढूं नये, व स्प्रिंग ताणून बंदूक ठेवूं नये. छर्रे शिशाचे असल्यानें हाताळल्यावर हात धुवावे.

आतां कायद्याविषयीं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें नळीचें माप ०.१७७ इंचाहून (४.५ मिलिमीटर) अधिक असल्यास, किंवा छऱ्याचा जोर २० ज्यूलपेक्षां अधिक असल्यास परवाना लागतो. जुन्या बी. एस. ए. वरील १ ही खूण ०.१७७ ची, तर २ ही खूण ०.२२ ची. म्हणजे २ ची खूण दिसतांच व्यवहारापूर्वीं पोलीस ठाण्यांत चौकशी करावी. बंदूक जुनी आहे एवढ्यानें कायद्यांतून सुटका होत नाहीं.

द्राक्षबागेंतील पांखरांवर ती चालवावी असा विचारहि मनांत आणूं नये. वन्य जीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यांतील उपद्रवी प्राण्यांची यादी, जींत कावळाहि होता, २०२२ च्या दुरुस्तीनें वगळण्यांत आली. बागेस जाळी घालावी, पांखरें आवाजानें उठवावीं.

आमची विनंति इतकीच कीं, घरांतील जुनी बंदूक भंगाराच्या काट्यावर घालण्यापूर्वीं तिच्यावरील खुणा वाचाव्या. ती कोणी, कोणाकडून घेतली हें वडील माणसांस विचारून कागदावर लिहावें. लोखंड वजनावर विकलें जातें. हकीकत एकदां गेली कीं पुन्हां मिळत नाहीं.