ठिपका एक, वाघ किती?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, दिवाळी तोंडावर असताना, राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-१ उर्फ अवनी वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, हत्ती, सारे लावूनही ती महिनोन्महिने हाती का लागली नाही?

एक लक्ष्य एका वेळी एकच नोंद देते, असे मागोव्याचे जुने गणित धरून चालते. दूरच्या विमानाला ते लागू पडते. इथे मात्र वाघिणीसोबत दोन बछडे. ओढ्याच्या वाळूत कधी तिघांचे पंजे उमटणार, कधी एकाचेच. शिवाय वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे. समोरासमोर दोन कॅमेरे नसतील तर एकच वाघ हिशेबात दोनदा येतो.

यावर तोड अशी, की कळपच एक लक्ष्य मानायचा. त्याचा मध्य कुठे सरकतो ते पाहायचे आणि पसारा लंबवर्तुळाने मोजायचा. जर्मनीच्या वोल्फगांग कोख यांनी २००८ मध्ये ही रीत नीट मांडली. लंबवर्तुळ फुगू लागले, की कळप फुटतो आहे असा संशय घ्यायचा. अर्थात, रडार दर काही सेकंदांनी फिरते. जंगलातला कॅमेरा जनावर समोरून गेले तरच बोलतो. उभ्या पऱ्हाटीत वाघ बसून राहिला, तर गणिताला खायलाच काही नसते.

टिपेश्वरच्या टी१-सी१ ला २०१९ मध्ये कॉलर लावली, तेव्हा तो ज्ञानगंगेपर्यंत गेलेला सगळा माग मिळाला. तिथे नोंद कुणाची, हा प्रश्नच नव्हता. अवनीच्या गळ्यात कॉलर नव्हती. तिच्यामागे मादी बछडा डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेला. नराचा शोध पुढे वेगळा घ्यावा लागला.